मागच्या सीटवरचा हंगाम

सोयाबीन निघायला लागलं की आमच्या घरात धूळ शिरते. मळणीयंत्र गल्लीच्या टोकाला लागतं आणि भुसा उडत उडत पार देव्हाऱ्यापर्यंत येतो. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा पिवळं. पूर्वी मी चिडायचे, पदर खोचून पुन्हा झाडू हातात घ्यायचे. आता नाही घेत. शाळेतून येते, पिशवी खुंटीला अडकवते आणि पायरीवर बसून त्या धुळीकडे बघत राहते. सुमनताईचं वय झालं, असं शेजारच्या बायका म्हणतात. वय नाही झालं हो, मी थकले आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, पण हेही कुणाला समजावून सांगायचा आता कंटाळा येतो.

यंदा पुन्हा तोच वास आला. वाळलेल्या शेंगांचा, डिझेलचा, अंगणात उलट्या घातलेल्या ओलसर पोत्यांचा. तो आला की मला आबा, माझे वडील, आठवतात. ते गेल्यानंतरचं हे दुसरं सोयाबीन. आणि आबांच्या मागोमाग आठवते ती माझ्या धाकट्या भावाची, संतोषची, लाल बुटकी गाडी. एका हंगामात आमच्या घरात एकच विषय होता, त्या गाडीला कडक स्प्रिंगा घालायच्या की मऊ. हसू नका. त्या स्प्रिंगांपायी आमच्या घरात जेवणं राहिली आहेत.

संतोष पुण्यात एका गॅरेजमध्ये होता. शर्यतीच्या गाड्या तयार करून द्यायचं काम. त्यातच कधीतरी कुणाची तरी आपटलेली गाडी त्यानं घेतली आणि फावल्या वेळात उभी केली. पुढं दोन सीटा, मागं म्हणायला एक बाकडं, आणि जमिनीलगत इतकी खाली की आमच्या वालूर गावातली कुत्रीसुद्धा तिच्याकडं वाकून बघायची. आबांच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा परभणीला मशीनवर न्यायची पाळी आली, तेव्हा तो नोकरी सोडून तीच गाडी घेऊन घरी आला. ये म्हणून त्याला कुणी म्हटलं नव्हतं. आई नव्हती, मी नवऱ्याचं घर सोडून कधीच परत आलेली, शाळा सांभाळून मी एकटी काय काय करणार, हे त्याचं त्यानं ओळखलं. गावात लोक विचारायचे, आबा कुठं निघाले, तर म्हणायचं, रगत धुवायला.

जायची तऱ्हा ठरलेली. संतोष चालवणार, आबा त्याच्या बाजूला, आणि मी मागच्या बाकड्यावर, गुडघे हनुवटीला लावून. मांडीवर डबा, डब्यावर औषधांची पिशवी. मशीनवरून उठल्यावर आबांना कधी कधी गरगरायचं, म्हणून धरायला कुणीतरी लागायचं. ते कुणीतरी मी. शाळेत अर्धी रजा टाकायची, चौथीच्या पोरांना पाढे लिहायला लावायचे आणि पदर सावरत गाडीत घुसायचं. घुसायचंच म्हणते, कारण त्या गाडीत बसता येत नसे.

आमच्याकडचा रस्ता ज्यानं पाहिला नाही त्याला सांगते. पावसाळ्यात ट्रॅक्टर ओल्या काळ्या मातीतून शेतात उतरतात आणि ती माती चाकांबरोबर डांबरावर येते. वर आणखी ट्रॅक्टर जातात, चाकोऱ्या पडतात, आणि दसऱ्याच्या उन्हानं त्या वाळून दगड होतात. मधले खड्डे वेगळेच. एसटीवाले त्यातून डुलत डुलत जातात. आमची गाडी एकेका चाकोरीला पोट घासत जायची. त्यामुळं संतोषनं पुण्याहून कडक स्प्रिंगा मागवल्या तेव्हा मला आधी वाटलं, बरं झालं, आता तरी ही बया नीट चालेल.

तसं नव्हतं ते. पुण्याच्या पलीकडं कुठंतरी हौशी गाडीवाल्यांची शर्यत होती, तुळशीच्या लग्नानंतर. एकेकट्यानं फेऱ्या मारायच्या, घड्याळ लावून. संतोषनं पुण्यात असतानाच नाव दिलं होतं आणि नंतर त्याविषयी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्याच्या जुन्या दोस्तानं स्प्रिंगांचं खोकं पाठवलं आणि तेव्हा आम्हाला कळलं. मग त्यानं चुलीजवळ बसून मला सगळं समजावलं. मऊ स्प्रिंग खड्ड्यात दबते आणि धक्का स्वतः खाते, पण वळणावर गाडी कलते. कडक स्प्रिंग कलू देत नाही, चाकं रस्त्याला धरून राहतात, पण खड्डा जसाच्या तसा बसणाऱ्याला पोचवते. शर्यतीला कडकच लागते. आणि ती आयत्या वेळी घालून चालत नाही, हाताला सवय व्हावी लागते. एवढं बोलून तो म्हणाला, जाऊ दे आक्का, परत पाठवून देतो.

आबा आत बाजेवर पडून ऐकत होते. त्यांनी तिथूनच हाक मारली, परत कशाला, आधी तपासून तर बघू.

तपासायची पद्धत आबांचीच. स्प्रिंगांवर कडकपणाचे आकडे छापलेले होते, संतोष ते वाचून दाखवत होता, नव्या जुन्यांपेक्षा दुपटीहून जास्त कडक आहेत म्हणून. आबा म्हणाले, छापल्याचं काय घेऊन बसलास, ओझं टाकून बघ. मग गोठ्याचं जुनं दार काढलं. गाडीतून काढलेल्या चार जुन्या स्प्रिंगा अंगणात उभ्या केल्या, दाराच्या चार कोपऱ्यांखाली येतील अशा, त्यावर दार आडवं ठेवलं, आणि मळणीयंत्राचे मालक रहीमभाई, म्हणजे आबांचे शाळेपासूनचे मित्र, त्यांनी माणसं लावून दारावर सोयाबीनची पोती चढवायला सुरुवात केली. दार कलू नये म्हणून दोन गडी दोन्हीकडून धरून. आबा भिंतीला टेकून खाली बसलेले, जमिनीपासून दारापर्यंत बोटं लावून मोजायचे. जुन्या स्प्रिंगा पहिल्या थरालाच चांगल्या खाली बसल्या. मग नव्या लावल्या. पोतं चढलं, दुसरं चढलं, तिसरं चढलं, दार हलेना. निम्मी गल्ली जमली होती. रहीमभाई म्हणाले, आबा, इसपे तो ऊस भरून कारखान्याला जाता येतंय. लोक हसले. आबांनी बोटं उचलली आणि निकाल दिला, जी वाकत न्हाई ती घाल.

आमच्याकडं गाडी ओळखायची ती ओझ्यावरून. बैलगाडी असो, ट्रॉली असो, भरल्यावर किती बसते ते बघायचं. न बसणारी ती चांगली. आणि भरलेली ट्रॉली खरोखरच शांत चालते, रिकामी येताना उड्या मारते, हे तर लहान पोराला माहीत असतं. तरी त्या दिवशी एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की या गाडीत पोती बसणार नाहीत. वाळून वाळून हातात मावतील असे झालेले आबा बसणार आहेत. संतोषच्या तेवढं डोक्यात आलं. तो म्हणाला, आबा, हादरंल गाडी. आबा म्हणाले, हादरू दे, मी काय दुधाची किटली हाय का?

रात्री भाकरी वाढताना मी आबांना विचारलं, एवढी घाई कशाला? नाहीतरी परत पाठवतच होता तो. आबांनी आधी संतोष बाहेर आहे का बघितलं.

"त्याचं ऐन वय माझं रगत धुण्यात चाललंय, बाई. त्या गाडीपाशी असला की शीळ तरी घालतो. एक शर्यत मारू दे त्याला. मला काय व्हईल ते माझं मी बघतो, तू मधी बोलू नको."

मी पुढची भाकरी त्यांच्या ताटात टाकली. मध्ये बोलायचं बळच नव्हतं.

कडक स्प्रिंगा चढल्या आणि आमच्या परभणीच्या फेऱ्या सुरू झाल्या. देवा. पहिल्याच पुलापाशी माझ्या हातातला डबा उडून डोक्याला लागला. संतोषनं आरशातून बघितलं. आबा लगेच म्हणाले, वा, वळणाला कशी चिकटून गेली. आणि संतोषच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी कितीतरी दिवसांनी बघत होते. तो सांगायला लागला, चाक रस्त्याला कसं धरून राहतं, स्टिअरिंग हातात कसं बोलतं. आबा हूं हूं करत होते. एका हातानं दाराची कडी धरलेली, नखं पांढरी पडलेली. दुसरा हात मशीनच्या सुयांचा, तो मांडीवर जपून ठेवलेला.

मग मला एक गंमत कळली, गंमत म्हणायची तर. आबा मध्येच मोठ्यानं शिवाराविषयी बोलायला लागायचे. "यंदा तूर लई फुललीय." थोड्या वेळानं, "ह्येनं ज्वारी उशिरा पेरली." परत, "कापूस बघ कसा पिंजल्यावानी झालाय." मला वाटायचं, बाहेर बघून जीव रमवतायत. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर ध्यानात आलं की तूर खड्ड्याच्या नेमकी आधी येते. खड्डा दिसला की आबा बोलायला सुरुवात करायचे आणि कण्हणं त्या बोलण्यात जिरवायचे. ‘लई’ लांबला की समजायचं, खड्डा मोठा होता. एकदा तर दोन्ही बाजूंना मोकळं माळरान होतं आणि आबा म्हणाले, गहू झकास हाय. संतोष हसला, आबा, तिकडं काय न्हाई. आबाही हसले. मी मागं पदर तोंडात कोंबून बसले होते, आणि मी हसत नव्हते.

मी कधी कधी विचार करते, माया करावी तर कशी करावी. आमच्या घरात मायेची रीत एकच, आपलं दुखणं लपवायचं. आईनंही तेच केलं. दुखणं लपवणाऱ्याला बरं वाटत असेल, पण ते लपवताना बघणाऱ्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. आबा संतोषपासून लपवत होते, संतोष आपली शर्यत आमच्यापासून लपवत आला होता, आणि मी दोघांचंही ओळखून गप्प. दिवसभर पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवायचं आणि घरी येऊन हे. त्या दिवसांत मला झोपेतून उठल्यावरही उठल्यासारखं वाटत नसे. वर्गात खडू हातात धरून मी काय लिहायला निघाले होते तेच विसरायचे. तुरी पिवळ्या झाल्या, ऊसतोडीची कुटुंबं ट्रकांत बसून गेली, गल्लीतली निम्मी घरं कुलपात गेली, आणि आम्ही आपले धडधडत परभणीला जात होतो, येत होतो.

संतोषला कळलं ते आबांना अंघोळ घालताना. कमरेपाशी काळं-निळं झालं होतं. आबा म्हणाले, बाजेचा सुंभ रुतला असंल. आबा दुपारचे झोपले तेव्हा त्यानं गाडी रहीमभाईंच्या शेडमध्ये नेली आणि जुन्या, मऊ स्प्रिंगा परत चढवल्या. मला म्हणाला, आक्का, सांगू नको, त्यांना काय कळतंय.

पुढच्या फेरीला निघालो. सकाळ छान होती, ज्वारी हिरवीगार. तो पुलापाशीचा खड्डा आला. आबांनी कडी धरली, तोंड उघडलं, "यंदा तूर..." आणि गाडी खड्ड्यातून अलगद वर आली. आबा तसेच थांबले. तूर पुढं गेलीच नाही. थोड्या वेळानं दुसरा खड्डा आला, तोही गेला. मग आबा शांतपणे म्हणाले, संतोष, गाडी थांबव.

ते दार उघडून उतरले, शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली जाऊन मातीत बसले. आम्ही मागं धावलो. जुन्या घातल्यास ना, त्यांनी विचारलं. संतोष हो म्हणाला. आबा म्हणाले, मग मी येत न्हाई दवाखान्यात, आधी त्या कडक घाल. संतोष म्हणाला, मला न्हाई पळवायची शर्यत, तुमाला उठवून नेतो. आबांनी बाभळीच्या बुंध्याला हात घातला. आता बघू कोण उठवतंय, अशा चेहऱ्यानं. संतोष त्यांच्यासमोर उकिडवा बसला. दोघंही जमिनीकडं बघत. एक म्हणतो तुझ्यासाठी, दुसरा म्हणतो तुमच्यासाठी. तिकडं दवाखान्यात मशीन लागायची वेळ टळत होती. एक खाडा झाला की आबांना धाप लागायची, पाय सुजायचे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हातारा जिवावर उदार होऊन बसला होता, एका पोराच्या गाडीच्या स्प्रिंगांसाठी.

मला एकदम भरून आलं, पण रडू नाही, संताप.

"तुमच्या दोघांच्या मायेचा मला वीट आलाय," मी म्हणाले. "कळलं का? वीट आलाय. तुम्ही एकमेकांसाठी मरायला बसलाय आणि दोघांना उचलायचं मी. आबा, उठा. आज असंच जायचं. उद्या कडक स्प्रिंगा चढतील आणि संतोष पुण्याला जाईल. शर्यत होईस्तोवर तुमची नि माझी एसटी."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं त्या हंगामात पहिल्यांदाच बघितलं. आबांनी बाभळ सोडली.

मग एसटी. आबांना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळावी म्हणून मी आधी चढून पिशवी टाकायची. उतरल्यावर दवाखान्यापर्यंत रिक्षा. मशीन चालू असेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर वह्या तपासायची. कोणत्या पोराला मी किती गुण दिले, देव जाणे. शर्यतीच्या दिवशी आम्ही दवाखान्यातच होतो, आणि मी आत, आबांच्या खाटेपाशी. आबांचा डोळा लागत नव्हता. सारखे विचारत होते, आता कुठं असंल, निघाली असंल का गाडी. दुपार कलल्यावर फोन आला. मी तो आबांच्या मोकळ्या हातात दिला. संतोषचा आवाज मलाही ऐकू येत होता. नंबर बिंबर काही आला नव्हता, खूपजण त्याच्या पुढं होते. पण गाडी लई भारी पळाली म्हणाला, एका वळणावर तर अशी गेली की तो एकटाच ओरडला. आबांनी विचारलं, रस्ता कसा व्हता? तो म्हणाला, काचेवानी, आबा, एक खड्डा न्हाई.

आबा हसले. हसता हसता डोळ्यांच्या कडांनी पाणी उशीवर गेलं, आणि त्यांना पुसता येईना, एका हाताला सुया होत्या आणि दुसऱ्यानं फोन घट्ट धरला होता. मी पुसलं.

दोन दिवसांनी संतोष परत आला. आला तो तसाच गाडीखाली शिरला. थंडी पडायला लागली होती, आबांची बाज मी उन्हात आणून टाकली होती आणि तिच्या कडेला खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. संतोषनं चाक काढलं, कडक स्प्रिंग काढून मातीत ठेवली आणि हात पुसत पुसत, आबांकडं न बघता विचारलं, आबा, आता तरी खरं सांगा, किती त्रास व्हायचा?

आबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता तूर येणार.

"लई दुखायचं रं," ते म्हणाले. "घरी आल्यावर कूस बदलता यायची न्हाई. पन तू बोलायचास रस्ताभर. मला ते पाहिजे व्हतं."

संतोष तसाच मातीत बसून राहिला. तोंड फिरवून, पाना हातात. आबा कधी दुखतंय म्हणालेले आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. मी शेंगा सोलत राहिले. सोललेले दाणे टोपल्यात आणि टरफलं मांडीवर, का उलटं, मला काही दिसत नव्हतं.

मग आबांनी बाजेवरून हात खाली सोडला, माझ्या खांद्यावर ठेवला.

"आन् मागं तर लई आदळत असंल, सुमन," ते म्हणाले. "तू कशी बसलीस गं इतके दिस?"

शाळेत, घरात, दवाखान्यात, एसटीत, सगळीकडं सगळ्यांना उत्तरं देणारी मी. मी टोपलं बाजूला सारलं, बाजेच्या कडेला डोकं टेकलं आणि आबांसारख्या आजारी माणसासमोर रडू नये हे कळत असूनही रडले. दुखतंय, आबा, म्हणाले, लई दुखतंय. आबा माझी पाठ चोळत राहिले, त्या वाळलेल्या हातानं, ऊन भिंतीवर चढेपर्यंत.